खुराक खाते

कोल्हापुरात दोनच प्रकारची माणसं राहतात. एक पैलवान आणि दुसरा मी.

यात थोडी अतिशयोक्ती आहे, मान्य. पण रेल्वेत शेजारी बसलेल्या परगावच्या माणसाला 'मी कोल्हापूरचा' असं सांगितलं की तो आधी माझ्या दंडांकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हळूच विचारतो, "मूळचे कुठले?" मी मूळचाही कोल्हापूरचाच आहे हो! मंगळवार पेठेत जन्मलो, तांबड्या रश्श्यावर वाढलो, बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. वजन ५८ किलो, तेही खिशात किल्ल्यांचा जुडगा असताना. बँकेत माझी नेमणूक सोनेतारणाच्या टेबलावर. दिवसभरात मी जे वजन उचलतो ते ग्रॅममध्ये असतं आणि तेही दुसऱ्याचं असतं.

अशा या माझ्या घरात गेल्या जूनमध्ये एक डबा आला. काळा कुळकुळीत, पत्र्याच्या तेलाच्या डब्याचा धाकटा भाऊ शोभेल असा. वर एका गोऱ्या गृहस्थाचं चित्र. अंगावर स्नायू इतके की सदऱ्याला जागाच उरली नव्हती. आमचे चिरंजीव, वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, व्यायामाला जाऊ लागल्याचं मला ठाऊक होतं; हा त्याचा पुढचा हप्ता. डब्यातली पावडर प्लास्टिकच्या एका उभट पेल्यात घालायची, वर पाणी ओतायचं, आत तारेचा एक चेंडू सोडायचा आणि झाकण लावून खळखळ हलवायचं. पहाटे साडेपाचला आमच्या घरात पुन्हा खुळखुळा वाजू लागला. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीही याच वेळेला वाजायचा, फक्त तेव्हा तो आम्ही वाजवायचो.

"पप्पा, एका चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन!" चिरंजीव म्हणाले.

"आणि भाकरीत?"

"भाकरीत कार्ब असतात."

'तांदळात खडे असतात' हे आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात.

हळूहळू पेले वाढले आणि भाकऱ्या घटल्या. सकाळी पेला, व्यायाम झाल्यावर पेला, आणि रात्री जेवणाच्या जागी पेला. भात गेला, आमटी गेली. पोरगं प्रेमात पडलंय अशी सौभाग्यवतींची खात्री झाली आणि त्या शेजारपाजारच्या गच्च्यांवर नजर ठेवू लागल्या. शेवटी ऑगस्टमध्ये एके सकाळी रंकाळ्यावर पळता पळता चिरंजीवांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कठड्याला टेकून खाली बसले. ओळखीच्या एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी "जेवतोस का रे?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि तीनशे रुपये घेतले.

माणूस अडचणीत आला की ज्योतिष्याकडे जातो. कारकून जुन्या वह्या काढतो. अंग कमवायचं तर पातळ किती आणि घट्ट किती हा प्रश्न काही आज निघालेला नाही. आमच्या गावात तर तो पिढ्यान्‌पिढ्या तालमीच्या कट्ट्यावर पडून आहे. म्हटलं, बघू तरी मागची बाकी काय आहे ती.

सगळ्यात जुनी नोंद सापडली ती बाराव्या शतकातली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं करावं हे तर त्यात आहेच, पण करमणूक कशी करून घ्यावी हेही तपशीलवार आहे. (आम्हाला करमणूक हवी असेल तर आठ दिवस आधी रजेचा अर्ज द्यावा लागतो.) त्यात मल्लांचा एक भाग आहे. मल्लांचे प्रकार किती, त्यांनी मेहनत कशी करावी आणि खावं काय. कडधान्यं, मांस, दूध, साखर आणि वर उंची मिठाई. हे सगळं पुरवायचं कोणी? राजानं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या खुराकात चावायचंही होतं, प्यायचंही होतं, आणि बिल भरणारा तिसराच होता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

पातळ-घट्टाचं प्रमाण तर त्याच्याही आधी वाग्भटानं 'अष्टांगहृदया'त सांगून ठेवलं आहे. पोटाचे चार भाग धरावेत. दोन भाग अन्नानं भरावेत, एक भाग पातळ पदार्थानं, आणि चौथा वायूला फिरायला मोकळा सोडावा. आम्ही बँकवाले याला राखीव निधी म्हणतो. चिरंजीवांनी चारही भाग पातळाला देऊन टाकले होते. कोल्हापूरकर तसा शास्त्राला धरून चालणारा. तो फक्त चौथ्या भागात पांढरा रस्सा ओततो.

कोल्हापुरात खुराकाला खरी प्रतिष्ठा आली ती राजर्षी शाहू महाराजांच्या अमदानीत. १८९४ साली महाराजांच्या हाती कारभार आला आणि १९२२ साली ते गेले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी केलेल्या मोठ्या कामांची यादी सगळ्यांना पाठ आहे, मी फक्त माझ्या खात्यापुरतं बोलतो. महाराज स्वतः लाल मातीत घुमलेले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, तेव्हा रोमचं कलोसियम त्यांच्या नजरेत भरलं. परदेशी गेलेला आपल्यातला माणूस येताना फार तर चॉकलेटं आणतो. महाराजांनी अख्खं कलोसियम डोक्यात घालून आणलं. १९०७ साली काम सुरू झालं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. बशीसारखा उतार, मध्ये हौदा. कुठंही बसा, पुढच्याच्या पटक्याआड कुस्ती जात नाही. पंजाबातले नामांकित मल्ल महाराजांच्या आश्रयाला आले, पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या आणि मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावं देशभर झाली.

त्या तालमीतला पेला म्हणजे थंडाई. रात्री बदाम भिजत घालायचे, पहाटे सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे यांच्याबरोबर कुंडीत टाकायचे आणि दांड्यानं घोटत बसायचं. घोटून घोटून लोण्यासारखा गोळा झाला की दुधात कालवायचा, फडक्यातून गाळायचा. हे घोटणं म्हणजेच निम्मा व्यायाम. नव्या पोराला आधी कुंडीवर बसवतात ते काही उगाच नाही. जोर-बैठका, लढती, मग घटकाभर विसावा, मग थंडाई, आणि ती जिरली की जेवण. थंडाई प्यालास म्हणून जेवण माफ, असं कुठल्याही वस्तादानं कुठल्याही पट्ठ्याला सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही. थंडाई म्हणजे पगारावरचा बोनस; बोनस मिळाला म्हणून कोणी पगार सोडत नाही.

जेवणाचीही पुन्हा तीच तऱ्हा. मटण शिजलं की त्याचं अळणी आधी वाटीत, तिखटाच्या आधी काढलेलं. ते प्यायचं. मग सुकं, ते चावायचं. मग भाकरी रश्श्यात कुस्करायची. ती धड पितही नाहीत आणि धड चावतही नाहीत, ओरपतात. प्यायचं काय आणि चावायचं काय हा वाद परक्या देशात विद्वान घालतात. आमच्याकडे तो एका ताटात बसून मिटवतात.

खुराक पैलवानालाच असतो असंही नाही. हौद्यातल्या लाल मातीलाही असतो. ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर असं काय काय तिच्यात मुरवतात, म्हणजे माती मऊ राहते आणि खरचटलेलं चिघळत नाही. आमच्या पेठेतल्या तालमीच्या मातीला एका हंगामात जेवढं ताक मिळायचं, तेवढं मला मुंजीपर्यंत मिळालं नसेल. वजनाचा फरक बघता मातीनं त्याचं चीज केलं हे मला कबूल केलं पाहिजे.

आणि दुधाचं म्हणाल, तर कोल्हापूरकराचा दुधावर विश्वास असतो, दूधवाल्यावर नसतो. म्हणून गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथंच उभ्या. गिऱ्हाईक समोर, म्हैस समोर, धार थेट पेल्यात. पाणी घालायला मध्ये जागाच नाही. फार तर फेस जास्त निघेल. शुद्धतेची इतकी साधी प्रयोगशाळा मी दुसरीकडं पाहिली नाही. २०२४ साली केरळातल्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा एक आणि आत भलताच निघाला. डब्यावर म्हशीचं चित्र असूनही उपयोग नसतो. म्हैसच लागते.

चिरंजीवांची समजूत अशी की पावडर हा त्यांच्या पिढीचा शोध. त्याला मी सँडोची गोष्ट सांगितली. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये गाजलेला बलभीम. १९०४-०५ साली तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. आपण बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणतो ते त्याच्याच नावानं. त्या काळात प्लाझ्मॉन नावाची एक पावडर निघाली होती, साय काढलेल्या दुधातलं प्रोटीन वाळवून केलेली. तिच्या जाहिरातीत सँडो असायचा. म्हणजे डब्यावरचा बिनसदऱ्याचा गृहस्थ सव्वाशे वर्षांचा म्हातारा आहे! पुढं सँडोनं स्वतःच्या नावाचा कोकोही काढला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ती कंपनी बुडाली. या प्लाझ्मॉनची पावडर दुधात घालून एक अमेरिकन विनोदी लेखक आवडीनं प्यायचा आणि त्या भरात त्यानं तिचे शेअरही घेतले. त्याचं नाव मार्क ट्वेन. अंगाला लागली की नाही ठाऊक नाही, अंगाशी मात्र आली. हजारो डॉलर त्यात गेले. विनोदी लेखकानं हिशेबाच्या वाटेला जाऊ नये असं तेव्हापासून म्हणतात. मला दोन्ही करावं लागतं.

१९५० नंतर अमेरिकेत बॉब हॉफमन या वजनांच्या व्यापाऱ्यानं सोयाबीनच्या पिठाचे डबे विकायला काढले. आणि चिरंजीवांच्या डब्यात जे आहे त्याची कुळकथा तर ऐकण्यासारखी. चीज करताना दूध फाडतात. घट्ट गोळा होतो त्याचं चीज, उरतं ते हिरवट पाणी. हे पाणी युरोप-अमेरिकेतले कारखाने वर्षानुवर्षं डुकरांना पाजत होते, नाहीतर नदीत सोडत होते. नद्या नासू लागल्या, कायदा आडवा आला, तेव्हा त्या पाण्यात उरलेलं प्रोटीन बारीक पडद्यांतून गाळून, वाळवून डब्यात भरायची विद्या निघाली. आमच्या घरी दूध नासलं की आई ते पाणी भाकरीच्या पिठात घालायची. कारखाने ते नदीत ओतत होते तेव्हा आम्ही ते खात होतो. आता ते डब्यातून तीन हजार रुपये किलोनं परत आलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो म्हणजे बिल.

सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च केला. तिथं ते सहावे आले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे कोण देणार? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं असेल? मैदानं घेतली, कुस्त्या मारल्या आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. मी बावीस वर्षं तारणाची कागदपत्रं हाताळतोय. तारण सुटल्याची इतकी देखणी हकिगत माझ्या टेबलावर अजून आलेली नाही.

५७ किलो हा आकडाही बघून ठेवा. पैलवान म्हणजे डोंगर, ही आमची कल्पना. पदक आणलं ते माझ्यापेक्षा एक किलो हलक्या माणसानं. हे मी रेल्वेतल्या लोकांना हल्ली मुद्दाम सांगतो.

संस्थान गेलं तरी कुस्ती गेली नाही. १९५९ साली कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पाठोपाठ १९६० साली गणपतराव आंदळकर. सहकारी साखर कारखान्यांनी काही मल्ल मानधनावर सांभाळले. पण राजाच्या जागी कारखाना, तोही दहा-वीस जणांना. बाकीच्या शेकडो पोरांचा खुराक घरावर येऊन पडला. खुद्द गामासारखा जगज्जेता, १९१० साली लंडन गाजवलेला, १९६० साली लाहोरात गेला तो पैशाची चणचण सोसून. आश्रय गेला की दंड तेवढे उरतात, आणि त्यांना भूक फार.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरात आबाकाका होते.

आबाकाका म्हणजे माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. सहा फूट, सव्वाशे किलो. जिन्यात समोरून आले तर आपण परत खाली उतरायचं. वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी. गेल्या वर्षी वडील गेले, आणि चिरंजीवांच्या अंधारीनंतर मी त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या एका खतावणीत मला पान सापडलं: 'खुराक खाते, चि. आबा, सन १९८८-८९'.

काय अक्षर होतं वडलांचं! दूध रोज २ लिटर. बदाम. खारीक. तूप. रविवार-बुधवार मटण. प्रत्येक ओळ नावे टाकलेली, महिन्याची बेरीज, खाली दोन रेघा. जमेच्या बाजूला वडलांचा पगार, काकांची चार-दोन गावच्या मैदानांतली इनामं, आणि फेब्रुवारीत एक नोंद: 'सौ. च्या पाटल्या, नग २, तारण'.

मी तेव्हा दहा वर्षांचा. पाटल्यांचं मला कळलं नव्हतं. चैत्रातल्या जत्रेत काकांची मोठी कुस्ती लागणार एवढंच कळलं होतं. मला आठवते ती आई. काका थंडाई पिऊन गेले की ती पातेल्यात घोटभर पाणी घालून विसळायची, इकडं तिकडं बघायची आणि उभ्याउभ्या ते पिऊन टाकायची. "वाया कशाला घालवायचं," म्हणायची. घरात दोन लिटर दूध येत होतं आणि आमचा चहा मात्र वेगळ्या आणलेल्या पावशेरात व्हायचा. त्या काळात आम्हा मुलांना कुणी उपाशी ठेवलं असं मी म्हणणार नाही. फक्त खुराक एका माणसाचा आणि पथ्य सगळ्या घराचं, असा तो कारभार होता. आमच्या घराण्यातलं सगळं मांस काकांच्या अंगावर का साठलं, हे मला त्या पानावरून समजलं.

चैत्रातली ती कुस्ती पाऊण तास चालली. काकांनी घिस्सा ओढला, समोरच्यानं ढाक लावली, लोक उभे राहिले, आणि दिवस मावळायला पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. बरोबरी! दोन्ही बाजूंची बेरीज सारखी. हिशेबात याहून समाधानाची गोष्ट नाही, आणि घरात याहून वाईट नाही. इनाम निम्मं आणि काकांचा गुडघा पुरा गेला. पाटल्या सुटल्या नाहीत. त्या पानाच्या शेवटी वडलांनी दोन रेघा मारल्या आहेत आणि पुढचं पान कोरं आहे.

तर असं हे सगळं डोक्यात घेऊन मी एका रविवारी चिरंजीवांना समोर बसवलं आणि त्याचा ताळेबंद मांडला. वजन ६२ किलो. व्यायाम करणाऱ्या माणसाला किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, त्याच्या वर ओतून स्नायू वाढत नाहीत, असं आजचे अभ्यासक सांगतात. म्हणजे शंभर ग्रॅम. त्याच्या तीन पेल्यांचे ७२ झाले. आकडा वाईट नव्हता. पण बाकीचं खाणं बंद. शरीराला चालायला-पळायला इंधन लागतं. ते भाकरी-भातातून आलं नाही तर ते प्रोटीनच जाळतं. घर बांधायला काढलेलं कर्ज किराण्यात घालवावं तसा प्रकार. भाषा कर्जाची असल्यामुळं त्याला पटली नाही, मला फार पटली.

मग थंडाईचा हिशेब काढला. म्हशीचं एक लिटर दूध, त्याचे चाळीसच्या आसपास; शंभर ग्रॅम बदाम, त्याचे वीस-एकवीस. साठ ग्रॅम झाले. पावडरीचे अडीच चमचे. पण थंडाईबरोबर तूपलोणी इतकं येतं की ते जिरवायला हजार जोर काढावे लागतात. काढणारे काढायचे. मी एकदा नुसती थंडाई घेतली आणि दोन दिवस सोनेतारणाच्या टेबलावर झोपेच्या आधीन होतो. सगळ्यात स्वस्त काय निघालं म्हणाल तर फुटाणे. शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम प्रोटीन, आणि चावल्याशिवाय गिळायची सोय नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये पावडरी टाळा, रोजच्या अन्नातून घ्या, असंच सांगितलं आहे. मी तेवढा कडक नाही. डबा आणलाय, पैसे गेलेत, एक चमचा घे. पण जेवणावर घे, जेवणाच्या जागी नको.

"पप्पा, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं चिरंजीव म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या दंडांकडं पाहिलं.

म्हणून मी आबाकाकांना बोलावलं.

काका आता साठीच्या पुढं. साखर आहे, गुडघ्याला पट्टा आहे, खुराक कधीच सुटला. भूक सुटायला मात्र बरीच वर्षं लागली, असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी डबा उचलला, उलटा करून बघितला, चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

"चाकलेटी चुना," ते म्हणाले. मग चिरंजीवांचा दंड चाचपला. "अंग बरं हाय की रं. जेवतोस काय?"

सगळं घर गप्प.

"आमचा वस्ताद म्हणायचा, दूध खायाचं आन् भाकरी प्यायाची. कळलं काय? दूध घोट घोट, तोंडात घोळवून. भाकरी चावून चावून पाणी व्हईस्तवर. तू गटागटा पितोस आन् चावत कायच न्हाईस. दात कशाला दिल्यात? फोटूला?"

चिरंजीव हसले. मी इतके दिवस आकडेमोड केली ती वाया गेली आणि याचं एका वाक्यात काम झालं. पैलवानाचं ऐकतात, कारकुनाची फक्त सही लागते.

मग काकांची नजर आईवर गेली. आई ७२ वर्षांची, वजन ४४ किलो. दिवाळीनंतर न्हाणीघरात पाय सटकून पडली होती. हाड वाचलं, पण अंगात ताकद राहिली नाही, खाण्यात प्रोटीन वाढवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी सहज तिचाही हिशेब मांडला. एक भाकरी, वाटीभर आमटी, तीन वेळा चहा. पंचवीस ग्रॅम कसेबसे. हवेत निदान चाळीस. घरातली खरी थकबाकी कुणाच्या नावावर आहे ते मला इतक्या वर्षांनी दिसलं, आणि मी स्वतःला हिशेबनीस म्हणवतो.

काकांनी खुळखुळा उचलला. स्वतः एक चमचा घातला, दूध ओतलं, खळखळ हलवलं आणि आईपुढं धरला.

"वैनी, घ्या."

"मी न्हाई पीत बाई असलं. तुमी घ्या, भावजी."

"माझं पिऊन झालंय," काका म्हणाले. "लई वरसं झाली त्याला. तुमचं ऱ्हायलंय."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग पेला घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आगं बया! चाकलेट घाला न्हाईतर काय बी घाला, हे नासक्या दुधाचं पाणी हाय. हे प्यायाचं नसतंय, पिठात घालायचं असतंय!"

आणि ती उठली. आम्ही नको नको म्हणत असताना परात घेतली, पीठ घेतलं, मधोमध आळं केलं आणि सगळा पेला त्यात ओतला. चिरंजीव तीन हजार रुपये किलोचा माल जोंधळ्याच्या पिठात मुरताना बघत उभे राहिले.

भाकऱ्या चॉकलेटी झाल्या. काकांनी तीन खाल्ल्या, चिरंजीवांनी दोन. आईनं दीड खाल्ली आणि तव्यावरची शेवटची, जरा करपलेली, माझ्या ताटात टाकली.